सर्कलचं मशीन फक्त पासष्टचा आकडा सांगायला बसवलंय का?

आमच्या मराठवाड्यात शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हाताऱ्यालाही एक आकडा पाठ झालाय, पासष्ट. रात्रभर झोडपून गेला की सकाळी टपरीवर पहिला प्रश्न "किती वाहून गेलं" हा नसतो, "आपल्या सर्कलला पासष्ट बसले का" हा असतो. चोवीस तासात ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, अतिवृष्टी म्हणलं की पंचनामा, पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान निघालं की मदत. आणि हे सगळं कुठून सुरू होतं तर सर्कलच्या, म्हणजे महसूल मंडळाच्या, गावात कुठंतरी तारेच्या कुंपणात उभ्या असलेल्या त्या पाऊस मोजायच्या मशीनपासून, ज्याच्याकडं एरवी वर्षभर कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ही मशीनं आपण भरपाईचा पुरावा म्हणून वापरायलो आणि तेवढ्यासाठीच वापरायलो. नुकसान झाल्यावर किती पडला ते सांगायला. नुकसान व्हायच्या आधी त्यांचा जो उपयोग आहे तो जवळपास शून्य, आणि त्याचं कारण मशीन कमी आहेत हे नाही, कारण हे आहे की त्यातला आकडा वेळेवर शेतकऱ्याच्या हातात येत नाही. आला तरी तो वाचून सांगणारं माणूस नाही.

आधी थोडं मागचं. २०१७ साली राज्य सरकारनं महावेध प्रकल्प आणला, स्कायमेट कंपनीसोबत, जागा सरकारची आणि मशीन बसवणं, चालवणं, मालकी कंपनीची अशा पद्धतीनं. राज्यात दोन हजाराच्या वर स्वयंचलित हवामान केंद्रं, प्रत्येक महसूल मंडळाला एक असा हिशोब. त्याच्या आधी काय होतं तर हातानं मोजायचा पर्जन्यमापक, सकाळी शिपायानं काचेच्या मापात पाणी ओतून बघायचं आणि वहीत लिहायचं, सुट्टीच्या दिवशी काय लिहायचे ते त्यांनाच माहीत. त्या मानानं महावेध हे मोठंच काम झालं, हे मान्य करायलाच पाहिजे, उगं सगळंच वाईट म्हणायची सवय मला नाही.

पण मंडळाला एक म्हणजे तरी किती? मराठवाड्यात आठ जिल्हे, साडेआठ हजाराच्या आसपास गावं, चौसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र आणि मंडळं साडेचारशेच्या वर. म्हणजे एका मशीनच्या वाट्याला अठरा-वीस गावं आणि १३०-१४० चौरस किलोमीटर. त्या मशीनचं नरसाळं केवढं असतं बघितलंय का, वीतभर. त्या वीतभर नरसाळ्यात जे पडलं ते अठरा गावांत पडलं असं धरायचं. आणि आपला पाऊस कसा, तर बैलाचं एक शिंग भिजतं अन् दुसरं कोरडं राहतं असा. मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबरचा परतीचा तर हमखास तसाच, या शिवारात ढगफुटी आणि ओढ्याच्या पलीकडं धुरळा.

त्यात दिवस मोजायची भानगड वेगळीच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि साडेआठलाच सुरू होतो. समजा पहाटे पाचला सुरू झाला आणि दुपारी बारापर्यंत पडला, एकूण ९० मिलिमीटर, त्यातला ४५ साडेआठच्या आधी आणि ४५ नंतर. कागदावर आदल्या दिवशी ४५, दुसऱ्या दिवशी ४५. दोन्ही दिवस अतिवृष्टी नाही. सोयाबीन मात्र सात तास पाण्यात उभं होतं, त्याला साडेआठ वाजलेले कळत नाहीत. मशीन दर थोड्या मिनिटांनी आकडा पाठवतंय, म्हणजे कुठल्याही सलग चोवीस तासांची बेरीज संगणक चुटकीसरशी करू शकतो, तरी आपण अजून शिपायाच्या काचेच्या मापाच्या जमान्यातला दिवस धरून बसलोय. २०२३ मध्ये सरकारनं सततच्या पावसालाही आपत्ती धरलं, सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर वगैरे निकष घातले, ते चांगलंच केलं, पण त्यातही एखादा दिवस साडेनऊ मिलिमीटर निघाला की तुटली साखळी.

दुष्काळाचंही तसंच. २०२३ ला खरीप वाळला तेव्हा आधी राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, मग ओरड झाल्यावर सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ७५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस झालेली १०२१ मंडळं दुष्काळसदृश म्हणून धरली, आणि नंतर पुन्हा २२४ मंडळं वाढवली, का तर ती जुन्या मंडळांचं विभाजन होऊन नव्यानं झालेली होती. मंडळ कागदावर झालं, पण पाऊस मोजायचा जुन्याच मंडळाच्या मशीननं. आता मला सांगा, यात शेतकऱ्याचं लक्ष आभाळाकडं राहील का निकषाकडं?

आता दुसरी बाजू बघा. ते मशीन फक्त पाऊस मोजत नाही. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, दिशा हे सगळं त्याच खांबावर आहे. यातलं पावसाशिवाय किती जण काय वापरतात? कृषी खात्याच्या महारेन या साइटवर मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो, ते बरंच आहे, पण तो काल पडलेला. आत्ता माझ्या सर्कलला वारं किती आहे, हवेत ओल किती आहे, शेजारच्या सर्कलला काय चाललंय, हे साध्या फोनवर, मराठीत, शोधाशोध न करता मला दिसलं पाहिजे. ते दिसत नाही आणि तिथंच सगळं घोडं अडलंय.

पेरणीचंच घ्या. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बरोबरच आहे, काळ्या जमिनीत खालपर्यंत ओल गेल्याशिवाय वरच्या ओलीवर उगवलेलं पीक पहिल्याच खंडात माना टाकतं. पण ७५ झाला का नाही हे शेतकऱ्यानं कशावरून ठरवायचं? पेपरात तालुक्याची सरासरी ८० आली, शेजाऱ्यानं तिफण जुंपली, कृषी सेवा केंद्रावर बॅगेसाठी रांग लागली, की आपणही पेरतो, आणि आपल्या बाजूला प्रत्यक्षात ४० च झालेला असतो. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं पुन्हा एकदा आणि ते पण सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या उधारीवर. या एका निर्णयासाठी जरी मिरगापासूनच्या पावसाची बेरीज रोज गावाच्या ग्रुपवर आली, "आपल्या सर्कलला आजपर्यंत ५२, अजून थांबा", तरी ते मशीन एका हंगामात आपली किंमत वसूल करून देईल असं मला वाटतं. हे रॉकेट सोडायचं काम नाही, बेरीज आहे.

फवारणीचं तर काय सांगावं. कापसावर, सोयाबीनवर महागडं औषध मारलं आणि दोन तासात सर आली की सगळं धुऊन खाली. वारं जास्त असताना मारलं तर औषध पिकावर कमी अन् मारणाऱ्याच्या अंगावर जास्त. तुरीला, हरभऱ्याला ढगाळ हवा आली की घाटेअळी आलीच म्हणून समजा. ओल आणि तापमान किती तास कसं राहिलं यावर बुरशीचे रोग येतात, द्राक्षवाले हे हिशोब कधीचे करायलेत, पैसे मोजून स्वतःच्या बागेत छोटी मशीनं बसवून घेतात. मग जे बागायतदाराला पैसे देऊन मिळतं ते कोरडवाहूवाल्याला सर्कलच्या मशीनमधून फुकट का मिळू नये, जागा तर सरकारनंच दिलीय.

वसमतच्या बाजूला उन्हाळा लागताना जाऊन बघा. हळद काढलेली, कुकरला शिजवलेली आणि शेतात नाहीतर खळ्यावर पसरून वाळत घातलेली, एकेकाची दहा-वीस-पन्नास क्विंटल. चांगली वाळायला दहा-पंधरा दिवस तरी कडक ऊन लागतं. तेवढ्यात एक अवकाळी आला की रंग गेला, रंग गेला की बाजारात भाव गेला. आता वादळी पाऊस येताना काय होतं, ढगातून थंड हवा खाली आदळते आणि पुढं पसरते, त्यामुळं पाऊस पोचायच्या आधी वारं एकदम वाढतं, तापमान काही मिनिटात चार-पाच अंशानं कोसळतं, ओल वाढते. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या मशीनला हे दिसलं आणि मग त्याच्या पुढच्या मशीनला दिसलं, तर ते इकडंच येतंय हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. अर्धा-पाऊण तास मिळतो. अर्ध्या-पाऊण तासात घरची चार माणसं हळद गोळा करून ताडपत्री टाकू शकतात. मशीनचं जाळं म्हणतात ते याच्यासाठी, सुटं एक मशीन फक्त आपल्या डोक्यावरचं सांगतं, शेजारी-शेजारी असलेली दहा मशीनं पुढं काय येतंय ते सांगतात. गारांचं मात्र या मशीनला काही कळत नाही, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर नरसाळं ती धड मोजणारच नाही, ते काम रडारचं आणि माणसाच्या डोळ्याचं. विजेसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएमचं, ते खरंच चांगलं आहे, गुराख्यांच्या फोनमध्ये असायला पाहिजे.

आणि पूर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, त्यात लातूर-उदगीरकडून आणि कर्नाटकातून वरचं पाणी आलं, लेंडी धरणाच्या परिसरातली हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्यात गेली, माणसं गेली. पुढच्याच महिन्यात सीनेला पूर येऊन परंडा-भूम भागात लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. सीना येते अहिल्यानगरकडून, म्हणजे पाऊस एका जिल्ह्यात आणि पाणी दुसऱ्या जिल्ह्यात, कलेक्टर वेगळा, मेसेजचा ग्रुप वेगळा. नदीला जिल्हा माहीत नसतो. धोका ठरतो तो वरच्या अंगाला तासाभरात किती पडला यावर, दिवसभराच्या बेरजेवर नाही. चोवीस तासात रिमझिम १०० पडला तर जमीन पिते, तोच १०० दोन तासात पडला तर ओढे फुटतात आणि माती खरडून नेतात. मशीनकडं हा मिनिटा-मिनिटाचा हिशोब आहे. मग नदीच्या खोऱ्याप्रमाणं मशीनं जोडून, वरच्या चार सर्कलला तासाला ३०-४० च्या पुढं गेलं की खालच्या गावच्या सरपंच, पोलीस पाटील, तलाठ्याला आपोआप फोन जायला काय हरकत आहे? मंडळं महसुलाच्या सोयीनं पाडलीत, पाणी त्या हद्दींवरून वाहत नाही, एवढं जरी फाईलवर मान्य झालं तरी पुष्कळ.

आणि हे जमतं. लांब जायला नको, उदगीर-देगलूरच्या शेजारी बिदर आहे. कर्नाटकात १९८८ पासून दुष्काळावर लक्ष ठेवणारं केंद्र आहे, आता ते आपत्ती निवारणाचं मोठं केंद्र झालंय, त्यांचे पर्जन्यमापक ग्रामपंचायतीगणिक आहेत, दर पंधरा मिनिटांनी आकडा येतो, आणि "वरुण मित्र" नावाची चोवीस तास चालणारी फोन लाइन आहे, शेतकरी फोन करून विचारतो अन् पलीकडचं माणूस कन्नडमधून सांगतं. तेलंगणात हजाराच्या वर मशीनं आहेत आणि आकडे सगळ्यांना बघायला उघडे, पाऊस सुरू असताना तिकडची हौशी पोरं मोबाइलवर नकाशे टाकत असतात. सीमेच्या पलीकडच्या पाहुण्याला जे कळतं ते आपल्याला कळू नये, हे मला पटत नाही.

आता यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो फालतू नाही. आकडे सगळे उघडे केले, मशीनची जागा सगळ्यांना कळली, तर लोक नरसाळ्यात पाणी ओततील, फळपीक विम्यासाठी तापमानाच्या सेन्सरशी खेळतील. असे आरोप राज्यात झालेतही. पण विचार करा, मशीनची जागा आजही गावाला माहीतच आहे, ज्याला ओतायचंय तो आजही ओततोच. लपवल्यानं चोरी थांबत नाही, फक्त पकडायला उशीर होतो. आणि ओतलेलं पाणी पकडणं अवघड नाही. खरा पाऊस पडतो तेव्हा हवेतली ओल नव्वदीच्या पुढं जाते, तापमान उतरतं, शेजारच्या मशीनलाही थोडंफार काही दिसतं. बादलीनं ओतलं की दोन मिनिटात ३० मिलिमीटर, ओल तीसच्या तीस आणि ऊन कडक. हे शेजारच्या गावच्या पोरालाही मोबाइलवर दिसेल आणि तो बोंब मारेल, कारण एकाच सर्कलच्या दोन गावांचं हित नेहमी एक नसतं. उघडा आकडा हाच राखणदार.

शिवाय २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे ठरावीक शेतात पीक कापून उत्पन्न मोजण्यावर, आली. हे चांगलं का वाईट हा वेगळा लेख होईल (माझ्या मते स्थानिक आपत्तीचं कलम काढलं ते वाईटच झालं). पण त्यामुळं खरिपाच्या विम्यासाठी मशीनवरचा ताण कमी झालाय, मग त्याच मशीनचा रोजच्या शेतीसाठी उपयोग करायची हीच वेळ आहे.

खरी अडचण मला दुसरीकडं दिसते, देखभाल. एका गावात बघितलेलं मशीन सांगतो. कुंपणाच्या तारेला वेडी बाभूळ चढलेली, आत गवत कमरेएवढं, चार पावलांवर लिंबाचं झाड आणि त्याच्या फांद्या जवळजवळ डोक्यावर. नियम असा की झाड-भिंत जेवढी उंच तिच्या निदान दुप्पट लांब पर्जन्यमापक पाहिजे. नरसाळ्याच्या खाली आत एक छोटा झुलता कप असतो, दोन खणांचा, एक खण भरला की पलटी मारतो आणि टिक पडते, एक टिक म्हणजे मिलिमीटरचा ठरावीक भाग. नरसाळ्याच्या तोंडाशी लिंबाची पानं, पाखरांची घाण, कोळ्याचं जाळं अडकलं की पाणी आत थेंब थेंब उतरतं, म्हणजे धो-धो पडलेला पाऊस कागदावर चार तासांची रिमझिम दिसतो, आणि सगळंच तुंबलं तर कोरडा दिवस. सोलर पॅनलवर धूळ, आतल्या सिमकार्डाला रेंज नाही, बॅटरी उतरलेली, हे वेगळंच. त्या कुंपणाला कुलूप, किल्ली कुणाकडं, तर ग्रामपंचायत म्हणती कंपनीकडं, आणि कंपनीचा माणूस कधी येतो कुणाला माहीत नाही. अशा मशीनच्या ६४.२ वर अठरा गावांची मदत अडते.

म्हणून नुसती "मशीनं वाढवा" म्हणणाऱ्यांशी माझं थोडं वाकडं आहे. केंद्राचा विंड्स नावाचा कार्यक्रम आहे, २०२३ चा, तालुका पातळीवर पूर्ण हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक, आजच्या पाचपट दाट जाळं करायचं म्हणतात. कल्पना बरोबर आहे. तापमान, वारं दहा किलोमीटरवर फार बदलत नाही, पाऊस बदलतो, म्हणून पूर्ण केंद्र थोडी आणि पर्जन्यमापक भरपूर हेच शहाणपणाचं. पण साडेचारशे मशीनं स्वच्छ ठेवता येत नसतील तर काही हजार कोण ठेवणार? आकडा सार्वजनिक असला की बिघाडही सार्वजनिक होतो, चार दिवस शून्य दिसलं की गावच फोन करेल. आणि तोवर प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत हातानं मोजायचा साधा पर्जन्यमापक ठेवा, प्लास्टिकचा का असेना, पोरं मोजतील, फळ्यावर लिहितील. मदतीसाठी तो आकडा कुणी धरणार नाही, नको धरू दे, पण मशीन खोटं बोलायलंय का हे तपासायला तो पुरतो.

शेवटचं माणसांचं. आकड्याचा सल्ला करणारं कुणीतरी लागतं. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा, तालुक्याचा सल्ला काढायची, भाषा थोडी सरकारी होती पण माणूस ओळखीचा होता, फोन उचलायचा. २०२४ मध्ये ती देशभर बंद केली. एकीकडं हजारो मशीनं घ्यायला पैसा आणि दुसरीकडं त्यांचे आकडे वाचणाऱ्या पोरांचा पगार जड झाला, हा कारभार मला तरी कळला नाही. ही केंद्रं पुन्हा सुरू झाली पाहिजेत आणि त्यांच्यासमोर सर्कलचे ताजे आकडे असले पाहिजेत, म्हणजे "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता" याच्या पलीकडं काहीतरी सांगता येईल.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर पुढच्या ग्रामसभेत आपल्या सर्कलचं मशीन नेमकं कुठं आहे, किल्ली कुणाकडं आहे, शेवटचं कधी साफ केलं आणि गेल्या वर्षी किती दिवस बंद होतं, एवढं विचारून प्रोसिडिंगला लिहून घ्या. नाही सांगितलं तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयेच लागतात, तहसीलमध्ये आवक शाखेत द्यायचा आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.